सयाजीराव महाराजांची सरकारी शिक्षणाबद्दल नेमकी भूमिका काय होती?

तुम्ही विचारलंय, "बडोद्याचे सयाजीराव गायकवाड शिक्षणप्रेमी होते असं सगळेच म्हणतात. पण सरकारी पैसा, सक्ती, सुधारणा याबाबत त्यांचं म्हणणं काय होतं, आणि ते त्यांनी केलं का?"

मी बडोद्याच्या दांडिया बाजारातली. जन्मभर प्राथमिक शाळेत शिकवलं, त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा आहे.

मुलांना शाळेत घालणं पालकांवर सक्तीचं करायचं असेल, तर खर्च दरबारनं, म्हणजे संस्थानच्या सरकारनं, उचलायचा, अशी त्यांची भूमिका होती. नुसतं बोलून ते थांबले नाहीत. १८९३ साली सौराष्ट्रातल्या अमरेली तालुक्यात दहा गावं निवडून तिथं सक्तीचं मोफत शिक्षण सुरू केलं. मुलांसाठी वय सात ते बारा, मुलींसाठी सात ते दहा. मूल शाळेत नाही आलं तर पालकाला दंड. तेरा वर्षांनी, १९०६ मध्ये, हाच कायदा सगळ्या राज्याला लागू झाला. मला या तेरा वर्षांचं फार मोल वाटतं. आधी थोड्या गावांत करून पाहिलं, मग पसरवलं. माझ्या नोकरीत कितीतरी योजना आल्या. सगळ्या शाळांना एकदम लागू व्हायच्या आणि दोन वर्षांत विसरल्या जायच्या.

त्याच काळात ब्रिटिश हद्दीत काय चाललं होतं तेही बघा. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी १९११ मध्ये प्राथमिक शिक्षणाचं विधेयक मांडलं. सक्तीची वेळ आपल्याकडे अजून आलेली नाही म्हणणाऱ्यांना ते बडोद्याचा दाखला देत. तरी १९१२ मध्ये ३८ विरुद्ध १३ मतांनी ते पडलं. सगळ्या देशातल्या मुलांना हा हक्क कायद्यानं मिळायला एप्रिल २०१० उजाडला.

महाराज स्वतः नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १८७५ मध्ये दत्तक येईपर्यंत त्यांना अक्षरओळख नव्हती. बाराव्या वर्षी मुळाक्षरांपासून सुरुवात करणं काय असतं ते त्यांनी भोगलं होतं, म्हणून ही तळमळ होती असं मला वाटतं.

शिकलेलं मूल शेतावर परतलं की चार वर्षांत वाचायला विसरतं, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. म्हणून १९१० मध्ये अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल आणले. गावोगाव वाचनालयं निघाली, पुस्तकांच्या पेट्या फिरू लागल्या. गावानं वर्गणी जमवली की तेवढीच रक्कम प्रांत पंचायत देई आणि तेवढीच दरबार. शाळेत दरबारचा पैसा, वाचनालयात गावाचाही वाटा, हा फरक विचार करून केलेला होता. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत काचेच्या फरशांवरून चालताना मला हे दरवेळी आठवतं.

पण पैशानं सगळं झालं नाही, हेही सांगायलाच हवं. अंत्यज, म्हणजे तेव्हा अस्पृश्य मानलेल्या जातींतल्या, मुलांसाठी त्यांनी १८८०च्या दशकातच शाळा काढल्या, तर शिकवायला सवर्ण मास्तर तयार होईनात. मुसलमान शिक्षक नेमावे लागले आणि पुढे १९०८ मध्ये पंजाबातून आर्य समाजाचे पंडित आत्माराम अमृतसरी यांना बोलवावं लागलं. इमारत होती, पगार होता, वर्गात पाय ठेवणारं माणूस नव्हतं. डॉ. आंबेडकरांना १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठासाठी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती बडोदा दरबारनंच दिली. ते १९१७ मध्ये बडोद्यात नोकरीला आले, तेव्हा या शहरात त्यांना राहायला जागा मिळाली नाही. पारशी विश्रामगृहातून लोकांनी त्यांना हाकललं. त्यानंतर कमाटी बागेतल्या ज्या झाडाखाली ते बसले होते, ते झाड मी आमच्या शाळेतल्या मुलांना दाखवत असे. त्यांच्या जागी आपण असतो तर काय केलं असतं, एवढंच विचारत असे.

मुलींच्या बाबतीत महाराज काळाच्या पुढे होते, हे खरं. तरीही कायद्यात मुलीचं वय दहाला संपत होतं, आणि घरच्यांनी ती रेघ बरोबर ओळखली. माझी पणजी बडोद्याच्या मराठी शाळेत जायची. दहावं लागलं आणि दप्तर खुंटीला टांगलं गेलं. तिला पत्र वाचता यायचं, पोथी वाचता यायची. त्रैराशिक मात्र शिकायचं राहून गेलं, आणि म्हातारपणी माझ्या पाटीवरची गणितं बघत ती शेजारी बसून राहायची.