बुटका गहू, भरलेली ओंबी

प्रश्न : आमचा जुना खपली गहू छातीला लागायचा, हल्लीचा कमरेएवढाच, तरी उतारा जास्त. असे का?
– एक शेतकरी, वाई (जि. सातारा)

उत्तर : जपानच्या ‘नोरिन १०’ वाणातून आलेली खुजेपणाची जनुके असली की रोप जिबरेलिन या वाढीच्या संप्रेरकाला पुरेसा प्रतिसाद देत नाही, त्यामुळे काडीची पेरे आखूड राहतात आणि काडीत जाणारे अन्न ओंबीकडे वळून तिच्यात अधिक दाणे धरतात. खरा फायदा मात्र खतपाणी दिल्यावर दिसतो : युरियाची मात्रा वाढली की उंच गहू वाऱ्याने लोळतो, बुटका उभा राहतो. अमेरिकी कृषिशास्त्रज्ञ डॉ. नॉर्मन बोरलॉग यांचे असे बियाणे १९६३ मध्ये भारतात आले. एक काळजी अवश्य घ्या : याच जनुकांमुळे कोंबाचे आवरणही आखूड होते, म्हणून ५ सेंटिमीटरपेक्षा खोल पेरू नका, नाहीतर कोंब मातीतच अडतो.