सोशल ॲप चालवणाऱ्या छोट्या कंपनीचा शेअर घेण्याआधी

डाउनलोडच्या आकड्यावर भाळू नका. रोजचे सक्रिय वापरकर्ते भागिले महिन्याचे, हे गुणोत्तर काढा. महिन्याला १० लाख आणि रोज ५० हजार, म्हणजे फक्त ५ टक्के. ॲप उघडून लोक पसार होतायत.

मग थेट ताळेबंद. ‘इन्टँजिबल ॲसेट्स अंडर डेव्हलपमेंट’ (अजून तयार होत असलेली, सॉफ्टवेअरसारखी अमूर्त मालमत्ता) दरवर्षी फुगतंय? प्रोग्रामरांचे पगार खर्चात न दाखवता मालमत्तेत टाकले, की नफा आपोआप गुटगुटीत दिसतो. कॅश फ्लोमध्ये (रोख पैशाच्या हिशेबात) मात्र तो पैसा गुंतवणुकीच्या रकान्यात बाहेर जाताना सापडतो, म्हणून रोजच्या धंद्याचा आणि गुंतवणुकीचा असे दोन्ही रकाने एकत्र वाचा. जाहिरातीची येणी सहा महिन्यांवर थकली असतील तर विक्रीवरही शंका घ्या.

प्रवर्तकांना वॉरंट (ठरलेल्या किमतीला पुढे नवे शेअर घेण्याचा हक्क) दिलेत? किमतीचे २५ टक्के आधी, उरलेले १८ महिन्यांत भरायचे. शेअरसंख्या वाढीव धरूनच ईपीएस (दर शेअरमागचा नफा) काढा.