सात चर्च की सात थांबे?

प्रश्न : यंदा पवित्र गुरुवारी (गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी) रात्री घरच्यांना घेऊन सात चर्चना भेट द्यायची आहे. नागपुरात एका रात्रीत सात जमतील का? ऑल सेंट्स कॅथीड्रल त्यात धरायचं का? (वाचक, सदर)

उत्तर : सात हा आकडा चर्चच्या नियमातला नाही. सोळाव्या शतकात संत फिलिप नेरी रोममधल्या सात बॅसिलिकांची पायी वारी करत, तिथून ही प्रथा पसरली. त्यामुळे सातसाठी धावपळ करू नका. दोनतीन चर्च निवडा आणि प्रत्येक ठिकाणी वीस मिनिटं तरी बसा. पाच मिनिटांत बाहेर पडलं की मन पुढच्या पार्किंगकडेच लागतं.

सात हवेतच असतील तर ते बायबलच्या वाचनात घ्या, अटकेपासून क्रूसापर्यंतचे येशूचे सात थांबे: गेथशेमाने, हन्ना, कयफा, पिलात, हेरोद, पुन्हा पिलात, कालवरी. एकाच शुभवर्तमानात (येशूचं चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या पुस्तकात) हे सगळे थांबे सापडत नाहीत, इथेच बरेच जण अडखळतात. हन्नाकडे नेल्याचं फक्त योहान सांगतो (18:13), हेरोदाचं फक्त लूक (23:6-12). कागदाच्या खुणा आधीच घालून ठेवा.

सुरुवात सेंट फ्रान्सिस डी सेल्स कॅथीड्रलपासून करा. ज्या संताचं नाव या चर्चला आहे, त्याच्याच नावाच्या संघाचे मिशनरी 1846 मध्ये फ्रेंच आल्प्सजवळच्या सव्हॉयहून भारतात आले. नागपूरचं धर्मप्रांत 1887 चं. ऑल सेंट्स कॅथलिक नाही, ते चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, म्हणजे अनेक प्रोटेस्टंट पंथांच्या ऐक्यातून बनलेल्या चर्चचं. हे ऐक्य 29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपुरातच झालं, म्हणून ते जरूर पाहा, पण दिवसाउजेडी, वेगळ्या दिवशी. गुरुवारच्या रात्रीची ही कॅथलिक आराधना परमप्रसादापुढची (ख्रिस्ताचं शरीर मानलेल्या पवित्र भाकरीपुढची) आहे.

वेळ सांभाळा. प्रभुभोजनाची मिस्सा (गुरुवार संध्याकाळची उपासना) संपल्यावर परमप्रसाद मुख्य वेदीवरून बाजूच्या सजवलेल्या वेदीवर नेतात. त्याआधी गेलात तर काहीच मांडलेलं नसेल. मध्यरात्रीनंतर विधिवत आराधना थांबते. चर्च कितीपर्यंत उघडं राहील, हे पॅरिशमध्ये आधीच विचारा. शुक्रवारवर ढकलू नका: तेव्हा वेद्या उघड्या असतात, कापडसुद्धा नसतं. मूर्तींवर जांभळं कापड असेल तर ते बाजूला सारू नका. फ्लॅश मारून फोटो तर नकोच, गुडघ्यावर बसलेल्यांच्या डोळ्यांवर येतो.