आयबीएमच्या एएस/४०० संगणकावरचा स्क्रीन असलेला आरपीजी (हिशेबी कामांची प्रोग्रॅमिंग भाषा) प्रोग्रॅम रात्री बॅचमध्ये, म्हणजे समोर कोणी न बसता, चालवता येतो का?

भोसरीच्या आपल्या कारखान्यात महिनाअखेरीचे स्टॉक व्हॅल्युएशन कोणीतरी स्क्रीनसमोर बसून चालवतो आणि तोच प्रोग्रॅम बॅचकडे सोपवला (सबमिट केला) की डिस्प्ले फाइल (स्क्रीनची मांडणी असलेली फाइल) उघडतानाच तो बंद पडतो, तेव्हा प्रोग्रॅमला हात न लावता हे जमेल का, असे आपण विचारले आहे. पुणे परिसरातील कारखान्यांच्या अशा यंत्रणा मी सांभाळतो, त्या आधारावर सांगतो की हात लावावा लागेल, पण थोडाच.

बॅच जॉबला टर्मिनल नसते, आणि आरपीजी आपल्या सगळ्या फाइली सुरुवातीलाच आपोआप उघडतो. त्यामुळे स्क्रीन दाखवण्याची ओळ टाळली तरी भागत नाही. डिस्प्ले फाइलच्या व्याख्येत यूएसआरओपीएन (फाइल आपोआप न उघडण्याची सूचना) लिहून ती गरजेपुरतीच उघडावी. जॉब कोणत्या प्रकारचा आहे हे सीएल (सिस्टिमच्या आज्ञांची भाषा) प्रोग्रॅममध्ये आरटीव्हीजेओबीए ही आज्ञा सांगते: बॅच असेल तर ०, इंटरॅक्टिव्ह (स्क्रीनसमोर बसून चालवलेला) असेल तर १. मात्र माझ्या मते हे तात्पुरते ठिगळ आहे. महिना आणि गोदाम विचारणारा छोटा प्रोग्रॅम वेगळा करावा, त्याने ती मूल्ये एसबीएमजेओबी या जॉब सबमिट करण्याच्या आज्ञेने हिशेबाच्या प्रोग्रॅमकडे पाठवावीत आणि हिशेबाच्या प्रोग्रॅमला स्क्रीन ठाऊकच नसावी, हा कायमचा उपाय. आभासी टर्मिनल उघडून कळा दाबल्याचे नाटक करणारे एपीआयही (सिस्टिमने प्रोग्रॅमना दिलेली तयार साधने) आहेत, पण उद्या कोणी स्क्रीनवरचा एक रकाना हलवला की ते सारे कोलमडते.

खरा त्रास यानंतर होतो. लायब्ररी लिस्ट (फाइली आणि प्रोग्रॅम कुठे शोधायचे याची यादी) आणि लोकल डेटा एरिया (जॉबची माहिती ठेवण्याची छोटी जागा) सबमिट केलेल्या जॉबला सहसा मिळतात, पण क्यूटेम्प ही तात्पुरत्या फाइलींची लायब्ररी प्रत्येक जॉबची स्वतंत्र असते आणि आपल्या सत्रात दिलेले फाइल ओव्हरराइड (एका फाइलीऐवजी दुसरी वापरण्यासारख्या सूचना) सोबत जात नाहीत. म्हणून मेनूतल्या सीएलने क्यूटेम्पमध्ये तयार केलेली वर्क फाइल बॅचला सापडत नाही. तो सगळा भाग सबमिट होणाऱ्या सीएलमध्येच हलवावा. पॅरामीटरचा घोळ तर नव्या माणसाला चकवतोच: एसबीएमजेओबीमधील कॉलला ३२ अक्षरांपेक्षा लांब व्हेरिएबल दिले, तर त्याच्या शेवटच्या रिकाम्या जागा गळतात आणि पलीकडचा प्रोग्रॅम मेमरीतला कचरा वाचू शकतो. अशा वेळी स्वतःची कमांड तयार करून ती सबमिट करावी. तिच्यात लांबी ठरलेली असते.

शेवटी, दिवसा स्क्रीनवर येणारा आणि एंटर दाबून मिटवला जाणारा प्रश्न रात्री ऑपरेटरच्या रांगेत, क्यूसिसओपीआरमध्ये जातो आणि उत्तर मिळेपर्यंत जॉब तसाच थांबतो. जॉबच्या व्याख्येत आयएनक्यूएमएसजीआरपीवाय *डीएफटी दिल्यास ठरलेले उत्तर आपोआप जाते, पण आरपीजीच्या चुकांना ते बहुधा 'रद्द करा' असेच असते, आणि अर्धवट अपडेट झालेली फाइल तशीच उरते. म्हणून कमिटमेंट कंट्रोल (अर्धवट बदल मागे घेणारी व्यवस्था) बसवल्याशिवाय ही सोय व्हॅल्युएशनच्या जॉबला लावू नये.