वाचकांचे प्रश्न : निषेध म्हणून हॅकिंग
प्रश्न : एका सरकारी संकेतस्थळावर हल्ला करून ते बंद पाडण्याचा माझ्या मुलाच्या मित्रांचा बेत आहे. हेतू प्रामाणिक असेल, तर त्यात गैर काय? (एक पालक, कोथरूड, पुणे)

उत्तर : हेतूवर मला शंका नाही, पण दाखल्यासाठी तिथेच अर्ज भरत बसलेल्या माणसाने कोणाचे काय बिघडवले आहे? २०११ मध्ये जेरेमी हॅमंड या अमेरिकी हॅकरने आणि त्याच्या साथीदारांनी स्ट्रॅटफॉर या अमेरिकी कंपनीची माहिती राजकीय हेतूने फोडली, तेव्हा हजारो ग्राहकांच्या क्रेडिट कार्डांचे तपशील उघड्यावर आले. ज्या साथीदारावर त्याने भरवसा ठेवला, तो एफबीआयचा खबऱ्या निघाला आणि २०१३ मध्ये हॅमंडला १० वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडेही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ खाली ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्यापेक्षा १० रुपयांत होणारा माहिती अधिकाराचा अर्ज मुलाकडून आजच लिहून घ्या.