कोपराच्या खळगीत ठोके देणारी गाठ आली आहे, काय करावं?

सुई टोचल्यानंतर महिन्याभराने लिंबाएवढी गाठ आणि ती धडधडते, असं तुम्ही लिहिलंय. आधी एक गोष्ट: गळू समजून कोणालाही चिरा देऊ देऊ नका. हा धमनीचा फुगा असू शकतो.

पहिली तपासणी कलर डॉपलर, म्हणजे रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारी सोनोग्राफी. गाठीत रक्त गरगरताना अर्धा भाग लाल, अर्धा निळा दिसतो आणि फुग्याच्या मानेतून, म्हणजे धमनीला जोडणाऱ्या तोंडातून, ते आत-बाहेर करतं. म्हणजे भिंत फाटून झालेला खोटा फुगा. शस्त्रक्रिया ठरली तर सीटी अँजिओग्राफी, म्हणजे रक्तवाहिन्यांचा सीटी स्कॅन. मनगटाची नाडी लागली तरी बोटं नीट बघा. टोकं निळसर असतील तर फुग्यातल्या गुठळ्या पुढे सरकत असाव्यात. अंगठ्यात आणि शेजारच्या दोन बोटांत मुंग्या असतील तर मीडियन नर्व्ह (तिथून हाताकडे जाणारी नस) दाबली जातेय. मग थांबू नका.

शस्त्रक्रियेत आधी फुग्याच्या वर आणि खाली धमनी मोकळी करून ताब्यात घेतात, गाठीला हात त्यानंतरच. रक्त गोठू न देणारं हेपारिन देऊन धमनीला क्लॅम्प (चिमटे) लावतात. लहान भोक 6-0 प्रोलीन या बारीक धाग्याने शिवता येतं. भिंतच खराब असेल तर तेवढा तुकडा काढून पायाची सॅफेनस शीर उलटी करून जोडतात. सरळ जोडली तर तिच्या झडपा रक्त अडवतील. जंतुसंसर्ग असेल तर कृत्रिम नळी टाळतात.

फुग्याची मान रुंद असेल तर त्यात रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनचं इंजेक्शन नको. औषध निसटलं की बोटांचा रक्तपुरवठाच बंद पडू शकतो.