कॅज्युअल्टीतून ‘ॲसिडिटी’ म्हणून परत पाठवले, तर दाद कुठे मागायची?

प्रश्न : मी ४६ वर्षांची असून नाशिकला राहते. गेल्या नोव्हेंबरात एका रात्री अचानक जबडा आणि पाठ दुखू लागली, दरदरून घाम फुटला, म्हणून यजमान मला जवळच्या खासगी रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत घेऊन गेले. तिथल्या डॉक्टरांनी बसल्या जागेवरून दोन प्रश्न विचारले, ‘‘ॲसिडिटी आहे, उगाच टेन्शन घेता’’ असे म्हणून इंजेक्शन दिले आणि घरी जायला सांगितले. ईसीजी काढण्याची विनंती आम्ही केली, ती हसण्यावारी नेली गेली. यजमानांचाही आवाज तेव्हा चढला. पहाटे दुसऱ्या रुग्णालयात हार्ट अटॅकचे निदान होऊन अँजिओप्लास्टी करावी लागली. पहिल्या रुग्णालयाची सातशे रुपयांची पावती एवढाच कागद माझ्याकडे आहे. या अपमानाबद्दल दावा लावता येईल का?

उत्तर : आपल्या पत्रात अपमानाचा सल अधिक आहे आणि तो स्वाभाविक आहे, मात्र केवळ उद्धट बोलण्याबद्दल भरपाई मिळवणे अवघड असते. आपल्या प्रकरणाचे खरे बळ न काढलेल्या ईसीजीत आहे. डॉक्टरांचे ते वाक्य तक्रारीत शब्दशः जरूर लिहावे, कारण तपासणी न करताच निष्कर्ष काढला गेला हे त्यावरून दिसते.

निदान चुकले म्हणजे निष्काळजीपणा झालाच, असे कायदा मानत नाही. जेकब मॅथ्यू खटल्यात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेली कसोटी अशी, की त्या क्षेत्रातील सामान्य कौशल्याच्या डॉक्टरने वाजवी दक्षता घेऊन जे केले असते, ते इथे केले गेले का. हृदयविकाराची शंका येण्याजोगी लक्षणे घेऊन रुग्ण आला, तर दहा मिनिटांच्या आत ईसीजी काढावा, हा हृदयरोग उपचारांतला सर्वमान्य दंडक आहे आणि स्त्रियांमध्ये छातीऐवजी जबडा किंवा पाठ दुखून झटका येऊ शकतो, हे कॅज्युअल्टीत बसणाऱ्या डॉक्टरला ठाऊक असणे अपेक्षित आहे. म्हणून ‘निदान चुकले’ असे न लिहिता ‘मागणी करूनही ईसीजी न काढता घरी पाठवले’ असे लिहावे. अशा वेळी परमानंद कटारा (१९८९) निकालाचा दाखला हमखास दिला जातो; पण तो जीव वाचवण्यासाठी तातडीची मदत देण्याच्या कर्तव्याविषयी आहे. आपल्याला दारातून परत पाठवलेले नाही, त्यामुळे त्या निकालावर फार विसंबू नये.

सातशे रुपयांची ती पावती जपून ठेवा. मोबदला देऊन सेवा घेतल्याचा तो पुरावा आहे आणि त्यामुळेच ग्राहक कायद्याचा दरवाजा उघडतो. सर्वांवर मोफत उपचार करणाऱ्या सरकारी रुग्णालयाला हा कायदा लागू होत नाही, हे व्ही. पी. शांता खटल्यात १९९५ साली ठरले. तिथे असे घडले असते तर राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ खाली (जीविताचा हक्क) उच्च न्यायालयात जाता आले असते.

आता कागदपत्रे. पहिल्या रुग्णालयाला लेखी अर्ज देऊन केसपेपरची प्रत, कॅज्युअल्टी रजिस्टरमधील नोंद, दिलेल्या इंजेक्शनचे नाव आणि डॉक्टरांचे नाव व नोंदणी क्रमांक मागावा. वैद्यकीय व्यावसायिकांच्या २००२ च्या आचारनियमांनुसार रुग्णाने मागितलेली कागदपत्रे ७२ तासांत द्यावी लागतात. अर्जाच्या स्थळप्रतीवर शिक्का घ्यावा, न दिल्यास अर्ज स्पीड पोस्टाने पाठवावा. सीसीटीव्हीचे चित्रीकरण इतक्या दिवसांनी बहुधा पुसले गेले असेल, तरीही ते मागावे, म्हणजे निदान त्यांचे लेखी उत्तर हाती येईल. ‘केसपेपर केलाच नव्हता’ असे उत्तर आले, तर ते आपल्याच पथ्यावर पडेल.

डॉक्टरांची पदवी पाहणे मी मुद्दाम सुचवतो. आपल्याकडे रात्रपाळीला अनेक ठिकाणी होमिओपॅथी किंवा आयुर्वेदाचे पदवीधर आरएमओ (निवासी वैद्यकीय अधिकारी) म्हणून बसवले जातात. होमिओपॅथने ॲलोपॅथीचे उपचार करणे हाच निष्काळजीपणा, असे पूनम वर्मा खटल्यात १९९६ साली म्हटले गेले. त्यानंतर राज्यातील नियम काही अटींवर सैल झाले आहेत, म्हणून नुसत्या पदवीवरून निष्कर्ष काढू नये. एमबीबीएस डॉक्टरविरुद्धची तक्रार महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे, तर इतर पॅथीच्या डॉक्टरविरुद्धची त्यांच्या स्वतंत्र परिषदेकडे जाते. परिषद शिस्तभंगाची कारवाई करते, भरपाई देत नाही.

सर्वांत कठीण भाग पुढे आहे. मधल्या काही तासांमुळे हृदयाची अधिक हानी झाली, हे आपल्याला दाखवावे लागेल. उपचार तेव्हाच सुरू झाले असते तरी परिणाम हाच झाला असता, असा बचाव निश्चित येईल. दुसऱ्या रुग्णालयातील पहिल्या ईसीजीवरची वेळ, ट्रोपोनिन (हृदयाची इजा दाखवणारी रक्तचाचणी) आणि टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) यांचे अहवाल व डिस्चार्ज समरी घेऊन एखाद्या हृदयरोगतज्ज्ञाचे लेखी मत आधी मिळवा. पूर्वेतिहासाच्या रकान्यात आदल्या रात्रीच्या भेटीची नोंद आहे का, तेही पाहा. हे मत अनुकूल नसेल, तर मोठ्या रकमेचा दावा करू नका. सेवेतील त्रुटी व मनस्ताप एवढ्यापुरती मागणी मर्यादित ठेवावी.

तक्रार आपल्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येईल. मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही आणि वकील देण्याची सक्तीही नाही, मात्र वैद्यकीय प्रकरणात तो असावा. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. पोलिसांत जाण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण फौजदारी निष्काळजीपणा सिद्ध करण्याची पातळी फार वरची आहे. शिवाय यजमानांचा आवाज चढला होता, असे आपण लिहिता. २०१० च्या राज्य कायद्यानुसार रुग्णालयातील हिंसाचार दखलपात्र व अजामीनपात्र गुन्हा आहे. नुसता चढलेला आवाज म्हणजे हिंसाचार नव्हे, पण हात उगारला गेला असेल किंवा धमकी दिली गेली असेल, तर नोटीस पाठवण्यापूर्वी आपल्या वकिलांना ते स्पष्ट सांगा.